सव्वा तासाचा दिवा

"सही तेवढी करा, रेमर्स. खाली, उजवीकडे."

लिंडाउने कागद कामाच्या टेबलावर ठेवला. ग्रीसचा डाग लागू नये म्हणून त्याखाली आधी वर्तमानपत्र सरकवलं. ओको रेमर्सने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि उभ्याउभ्याच कागद वाचला. चार ओळी होत्या. सायकल क्रमांक सतराची तपासणी केली. पुढच्या दिव्यात कोणताही बिघाड आढळला नाही. दिव्याची बॅटरी पूर्ण उतरलेली होती. दिवा रोज चार्ज करण्याची लेखी सूचना कर्मचाऱ्याला दिलेली होती.

"यात खोटं काय आहे?" लिंडाउने विचारलं. ओको अजून काही बोललाही नव्हता.

"खोटं काही नाही."

"मग झालं तर!"

"चारही ओळी खऱ्या आहेत," ओको म्हणाला. "कागद खोटा आहे."

लिंडाउ हसला. चाळिशीही न गाठलेला, दोन वर्षांपूर्वी मोठ्या शहरातून इथे व्यवस्थापक म्हणून आलेला माणूस. आवाज कधी चढवायचा नाही, हे तो कुठल्याशा प्रशिक्षणात शिकून आला होता. "शुक्रवारी हेड ऑफिसच्या बाई येताहेत. तोवर घ्या वेळ," असं म्हणून तो शेडबाहेर पडला. वर्तमानपत्रही सोबत घेऊन गेला.

सतरा नंबरची सायकल भिंतीला टेकून होती. पुढचं चाक पापडासारखं मुडपलेलं, मडगार्ड फाटलेलं. हँडलवर साबणाच्या वडीएवढा तो करडा दिवा मात्र शाबूत होता. त्याला ओरखडाही नव्हता. ओकोला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

एम्स नदीकाठच्या त्या सपाट मुलखात म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी नर्स पाठवणारी ही संस्था. तिच्या एकतीस सायकली ओको सव्वीस वर्षं सांभाळत होता. नर्सेस पहाटे पावणेसहाला निघायच्या. हिवाळ्यात तिथे साडेआठपर्यंत उजाडत नाही, आणि कालव्याकाठच्या रस्त्यांना दिवे नाहीत. तो आला तेव्हा सायकलींना टायरवर घासून चालणारे जुने डायनॅमो होते. पाऊस लागला की घसरायचे, बर्फ पडला की बंद. मग त्या वेळच्या मुख्य परिचारिकेच्या मागे लागून लागून त्याने हबमधले डायनॅमो आणवले. पुढच्या चाकाच्या मधोमध, आसावरच बसणारे. वर्षाला चार-पाच मिळायचे. हिवाळ्याच्या दुपारी शेडमध्ये बसून त्याने एकेक स्पोक ओवत एकतीसच्या एकतीस चाकं स्वतः बांधली. सात वर्षं लागली.

चाक फिरलं की दिवा. बटण नाही, आठवण ठेवायला नको, थंडी असो की पाऊस. सायकल थांबली तरी कुलूप लावून होईपर्यंत दिवा तेवत राहायचा. पुढे नर्सेसच्या हाती फोन आले, कुणाच्या घरी किती वाजता जायचं ते फोनवर यायला लागलं, तेव्हा त्याने प्रत्येक हँडलवर एक छोटी डबी बसवली. त्याच डायनॅमोवर फोन चार्ज व्हायचा. "आमच्या पोटऱ्यांवर फोन चालतो, ओको," असं तेडा आडेन म्हणायची आणि बाकीच्या हसायच्या.

लिंडाउ आला आणि त्या सायकली एका ट्रकमध्ये भरून गेल्या. त्यांच्या जागी भाड्याच्या नव्या पांढऱ्या सायकली आल्या. बॅटरीचे दिवे. ते नर्सेसनी घरी न्यायचे, घरच्या विजेवर चार्ज करायचे, सकाळी परत लावायचे. ओकोने तीन वेळा लेखी कळवलं, की हे दिवे थंडीत टिकणार नाहीत. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: नोंद घेतली.

आणि जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी, उणे चार अंश थंडीत, सातवं घर उरकून आठव्या घराकडे निघालेल्या तेडाला समोरून आलेल्या पार्सलच्या व्हॅनने उडवलं. चालकाला वाटलं फांदी लागली. तो पुढे निघून गेला. खुबा आणि मांडी मोडलेली तेडा गोठलेल्या चरात पडली. खिशातला फोन बंद पडलेला. हाका मारून घसा बसला तेव्हा दोन बोटं तोंडात घालून ती शिट्टी वाजवत राहिली. चाळीस मिनिटांनी कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका शेतकरी बाईने ती ऐकली. पुढे पोलिसांनी चालकाला शोधून काढलं. तो म्हणाला, "दिवाच नव्हता तिला. मला दिसणार कशी?"

ते खरंच होतं. सतरा नंबरचा दिवा विझलेलाच होता.

लिंडाउने कागद आणला त्याच दुपारी ओको अठरा किलोमीटर सायकल मारत जिल्ह्याच्या इस्पितळात गेला. पिशवीत थर्मास, खडीसाखरेची पुडी आणि सायीची बाटली. इस्पितळातला चहा तेडाला चालायचा नाही. चहाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकायची नाही.

"आलास होय?" ती उशीला टेकून बसली होती. अठ्ठावन्न वर्षांचा तो गोल चेहरा दहा दिवसांत उतरला होता. "मला वाटलं, आधी चाकाचा आउट काढशील आणि मग येशील."

"चाक गेलं, तेडा. आउट काढण्यासारखं नाही राहिलं."

"माझंही तसंच म्हणतात." तिने पांघरुणावरून खुब्याकडे बोट केलं. "ओत. साखर आधी, गाढवा. चहा पडला की साखर तडकली पाहिजे."

त्याने ओतला. साखर तडकली. तिने डोळे मिटून एक घोट घेतला, मग उशीखालून एक लिफाफा काढून त्याच्या मांडीवर टाकला.

"वाच. प्रेमपत्र आलंय."

पोलिसांचा कागद होता. अंधारात चालू दिव्याविना सायकल चालवून स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घातल्याबद्दल दंड. ओकोने दोनदा वाचला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"हाड तुझं मोडलं आणि दंड पण तुलाच?"

"व्हॅनवाल्याची विमा कंपनी तर म्हणते, चूक सगळी बाईचीच. आपल्या संस्थेकडूनही कागद मागवलाय त्यांनी. लिंडाउ येऊन गेला काल. फुलं आणली होती. म्हणाला, 'आडेनबाई, विसरतं माणूस, त्यात काय एवढं.'"

ओको खाली बघत म्हणाला, "चार्ज केला होतास ना?"

तिने कप खाली ठेवला.

"तू सुद्धा?"

"तसं नाही गं..."

"कसं नाही? रात्रभर लावला होता. स्वयंपाकघरात, ओट्यावर. हिरवा ठिपका बघून निघाले. एकतीस वर्षं मी लोकांच्या गोळ्या मोजून देतेय, ओको. एकाची गोळी दुसऱ्याच्या तोंडात गेली नाही कधी. आणि मला एक दिवा चार्ज करता येणार नाही? ती काय अक्कल लागते?" तिचा आवाज फाटला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने मान वळवली. "आधी सहा घरं होती, आता नऊ केलीत. प्रत्येक दारात फोनवर दाबायचं: पोचले, निघाले. उशीर झाला की नाव लाल होतं. पाचव्या घरी फोन एकोणीस टक्के. सहाव्या घरी मेला. पूर्वी तुझ्या त्या डबीवर लावला की घरी जाताना भरलेला असायचा."

"चुकलो," ओको म्हणाला. "विचारायला नको होतं."

"नको होतंच."

"दिवा मंद झाला तेव्हा थांबायचं होतंस."

"आणि आठव्या घरची बाई? तिचं इन्सुलिन कोण देणार, तू? उजाडेपर्यंत चरात बसून राहू?" मग तिलाच हसू आलं. "बसलेच म्हणा शेवटी." हसताना खुबा दुखला आणि डोळ्यांत पाणी आलं.

परत येताना समोरून वारा होता. ओको सहसा चिडणारा माणूस नव्हता. बायको गेली तेव्हाही तो कुणावर चिडला नव्हता, डॉक्टरवर नाही, देवावर नाही. पण त्या दिवशी अठरा किलोमीटर तो मोठमोठ्याने बोलत आला. विसरतं माणूस! जी बाई स्वतःच्या पायांनी वीज काढत हिंडत होती, तिच्या चाकातली वीज काढून घेतली, हातात साबणाची वडी दिली, आणि वर तिलाच विसराळू ठरवायचं? कालव्यावरची बदकं दचकून उडाली.

शेडमध्ये पोचल्यावर त्याने कपाटातून एक कोरा दिवा काढला. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: तीन तास. डबा उलटा करून खिडकीपाशी नेला तेव्हा तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आणखी एक ओळ सापडली: वीस अंश तापमानात.

तेडाचा फेरा आता फोल्के करत होती. तिशीतली, दोन मुलांची आई, कामावर लागून वर्षही झालं नव्हतं. ओकोने तिला दाराबाहेर गाठलं.

"बुधवारी मी तुझ्या मागून येतो. दिवा मी देईन तो लावायचा. बाकी तू रोज करतेस तसंच."

"आणि कुणी विचारलं तर?"

"म्हातारा चळलाय म्हणून सांग."

"ते तर सगळ्यांना माहितीय," फोल्के म्हणाली. मग तिचं हसू गेलं. "ओको, माझा करार जूनपर्यंतच आहे. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. नाही म्हणालीस तरी राग नाही."

तिने हातमोज्यांची बोटं ओढून घट्ट बसवली. "पावणेसहाला," ती म्हणाली. "उशीर करू नका. नाव लाल होतं माझं."

बुधवारी उणे तीन होतं. फोल्के पुढे, ओको तिच्या मागे वीस पावलांवर. त्याच्या स्वतःच्या जुन्या सायकलच्या चाकात डायनॅमो होता. त्याचा उजेड रस्त्यावर स्थिर पडलेला, आणि पुढे फोल्केचा पांढरा झोत. प्रत्येक दारात ती दिवा बंद करून आत जायची, बाहेर आली की चालू. ओको कुंपणाशी पाय आपटत उभा राहायचा आणि वहीत वेळ लिहायचा. दिवा जेवढा वेळ जळला तेवढाच तो मोजत होता. फुकटचं एक मिनिटही त्याला त्या दिव्याच्या माथी मारायचं नव्हतं.

पाचव्या घरापर्यंत सगळं ठीक. सहाव्या घराकडे वळताना फोल्केसमोरचा झोत पिवळट झाला. सातव्या दाराशी पोचेपर्यंत उरला होता तो काजव्याएवढा ठिपका. तो कुणाला दिसला असता तर फक्त फोल्केलाच.

सातवं घर पॉपिंगाचं. कालव्याच्या दारांवर चाळीस वर्षं राखणदार होता तो. आता त्याला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागायची.

"तेडा कुठाय?" त्याने ओकोलाच विचारलं. थंडीत कुडकुडतोय म्हणून फोल्केने ओकोला आत ओढलं होतं.

"इस्पितळात, आजोबा. सांगितलं ना काल मी," फोल्के म्हणाली.

"तू सांगितलंस. त्याला विचारतोय मी." पॉपिंगाने ओकोवरची नजर काढली नाही. "त्या दिवशी खिडकीतून बघत होतो मी तिला. रोज बघतो. पुलापर्यंत तिचा दिवा दिसतो मला. त्या दिवशी फाटकातून बाहेर पडली आणि नाहीशीच झाली. मी म्हटलं, डोळे गेले आपले."

"डोळे ठीक आहेत तुमचे," ओको म्हणाला.

"मग कुणी विचारलं का नाही मला?"

ओकोने वही काढली आणि म्हाताऱ्याचं बोलणं शब्द न बदलता उतरवून घेतलं. पॉपिंगाने एकेक अक्षर काढत खाली नाव लिहिलं. त्याला चार मिनिटं लागली. फोल्केचं नाव फोनवर लाल झालं. तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

बाहेर आल्यावर दिवा पुरता विझला. जळालेला वेळ: एक तास सोळा मिनिटं. तेडा पडली तो चर तिथून तीनशे पावलांवर होता. उरलेला फेरा ओको पुढे राहिला आणि फोल्के त्याच्या उजेडात चालली. गुरुवारी दुसरा दिवा, तोच रस्ता. एक तास बारा मिनिटं.

शुक्रवारी लिंडाउच्या खोलीत हेड ऑफिसच्या ओस्टरकाम्पबाई आल्या होत्या. करड्या केसांच्या, हातात बारीक पेन. टेबलावर बिस्किटं होती. ओकोने धुतलेला शर्ट घातला होता. त्याने लिंडाउचा कागद सही न करताच परत ठेवला आणि त्यावर आपले तीन कागद ठेवले: दोन दिवसांच्या वेळांचे दोन, पॉपिंगाच्या बोलण्याचा एक, आणि शेवटी स्वतःची सही. तिच्याखाली फोल्केची सही होती. ती तिने सकाळी शेडमध्ये येऊन, कुणी न मागता केली होती.

लिंडाउने वाचलं. प्रथमच त्याचा आवाज थोडा वर गेला. "हे तुम्हाला करायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर केलं."

"रेमर्स, तुम्ही सायकल दुरुस्त करता. तज्ज्ञ नाही आहात तुम्ही."

"नाही आहे. मला घड्याळ बघता येतं तेवढं."

ओस्टरकाम्पबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण सूचना स्पष्ट होती. दिवा उतरला तर कर्मचाऱ्याने सायकलवरून उतरून चालत जावं."

ओकोने वेळांचा एक कागद त्यांच्याकडे सरकवला.

"चालत," तो म्हणाला. "नऊ घरं. तेवीस किलोमीटर."

"नियम तसा आहे."

"बाई, तुम्ही कधी गेलाय त्या रस्त्याने? पहाटे?" तो उठून उभा राहिला. खुर्ची मागे सरकली. "माझ्या चाकांना नियम लागत नव्हता. बाई पायडल मारायची आणि दिवा लागायचा. तुम्हाला काही करावं लागत नव्हतं. दिवा तिचा, वीज तिची, पाय तिचे. ते तुम्ही काढून घेतलंत, बरं, घेतलंत. मी तीनदा लिहिलं, तुम्ही नोंद घेतलीत. आता ती मोडून पडलीये, आणि तुम्हाला माझी सही पाहिजे, की विसरली म्हणून. विसरलं कोण? ती चरात शिट्ट्या मारत होती तेव्हा तुमच्या त्या फोनवर तिचं नाव चाळीस मिनिटं लाल होतं. लाल! सगळ्या ऑफिसला दिसत होतं. एकाने तरी विचारलं, बाई कुठे आहे?"

ओस्टरकाम्पबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"हे कागद संस्थेबाहेर जाऊ नयेत, अशी अपेक्षा आहे," लिंडाउ म्हणाला.

"सकाळीच टपालात टाकलेत, साहेब. एक पोलिसांना, एक तेडाच्या वकिलाला. तुमच्याकडची ही तिसरी प्रत."

त्याने एक बिस्किट उचललं, का ते त्यालाही कळलं नाही, आणि बाहेर पडला.

पुढे काय झालं ते एका दमात सांगण्यासारखं आहे, जरी व्हायला पाच महिने लागले. पोलिसांनी दंड मागे घेतला. वकिलाने पॉपिंगाच्या घरी जाऊन त्याची साक्ष नोंदवून घेतली, आणि विमा कंपनीने चूक तेडाची असल्याचा आपला मुद्दा सोडून दिला. संस्थेने चूक कबूल केली नाही. पण नव्या सायकलींना डायनॅमो बसवून घेण्यात आले. "सुधारणा" या नावाखाली बातमीपत्रात त्याचा लिंडाउसह फोटो आला. सायकलींची देखभाल भाड्याच्या कंपनीकडे गेली, शेडला कुलूप लागलं, आणि निवृत्तीला चौदा महिने उरलेल्या ओकोला धुलाईच्या खोलीत चादरींच्या घड्या घालायला बसवलं. फोल्केचा करार जूनमध्ये संपला तो संपलाच. ती पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात लागली. ओकोने तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "वेडे आहात का? तिथे फेरेच नाहीत." पण हे म्हणताना तिने त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

दंड मागे घेतल्याचं पत्र आलं त्या आठवड्यातल्या रविवारी ओको तेडाच्या घरी गेला. दोन ओळींचं पत्र. क्षमस्व वगैरे काही नव्हतं. तेडाने ते ब्रेडच्या डब्याखाली दाबून ठेवलं होतं आणि पलंगाच्या कडेला बसून ती पायात मोजा चढवायला बघत होती. रक्त साकळू नये म्हणून घालायचा, गुडघ्यापर्यंतचा, चिवट घट्ट मोजा. खुबा वाकत नव्हता. बोटं अंगठ्यापर्यंत पोचत नव्हती. किती वेळ चाललं होतं कोण जाणे, चेहरा लाल झाला होता.

"संस्थेची सकाळची मुलगी आली नाही?"

"आली नाही. नऊ घरं आहेत तिला." तिने मोजा मांडीवर टाकला. "रोज बारा-पंधरा पायांत चढवायचे मी हे. डोळे मिटून."

ओको खाली गुडघ्यांवर बसला.

"तुझे हात खरखरीत आहेत. फाडशील."

"सांग, कसा घालायचा."

तेडाने मोजा त्याच्या हातात दिला आणि आवाज सारखा केला. हा तिचा कामावरचा आवाज होता. ओकोने तो दारापलीकडून कैकदा ऐकला होता, कधी त्याच्याशी बोलताना नाही.

"उलटा कर. टाचेपर्यंत. हं. आता बोटं आत... ओढायचं नाही, सरकवायचं. टाच टाचेवर आली का बघ. नाही आली. काढ. परत."

त्याने काढला. परत घातला. तिसऱ्या खेपेला टाच टाचेवर बसली. तळव्याने वर वर सरकवत त्याने तो गुडघ्याखाली आणला आणि अंगठ्याने एकेक सुरकुती सपाट केली. तेडाने पाय थोडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि परक्या माणसाचा तपासावा तसा नीट तपासला.

"बरा घातलास," ती म्हणाली. "दुसरा घे."